विममधला सर्चचा पिवळा रंग जातो आणि परत येतो: आमच्याकडं काय काय निघालं

कोलन, एन, ओ, एच, एंटर. घाईत असाल तर एवढंच करा आणि कामाला लागा, स्क्रीनवरचा पिवळा रंग, म्हणजे विम या टेक्स्ट एडिटरमध्ये शब्द शोधल्यावर सगळीकडं उमटून राहतो तो, जाईल. पण हे तुम्ही आधीच केलेलं असेल, एकदा नाही पन्नासदा, आणि तरी तो रंग परत परत येत असेल तर पुढचं वाचा. आमच्याकडं हे दुखणं तीन आठवडे चाललं आणि शेवटी कळलं की कारण एक नव्हतंच, चार-पाच कारणं एकमेकांच्या आड लपून बसली होती, एक काढलं की दोन दिवस बरं वाटायचं आणि तिसऱ्या दिवशी परत तेच.

कमांडी मी इथं बोलतो तशा लिहिल्यात, टाईप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं. सापडलेले शब्द रंगवणारं ऑप्शन म्हणजे एचएलसर्च, एच, एल आणि त्याला चिकटून सर्च, मध्ये स्पेस नाही. त्याचंच छोटं रूप एचएलएस.

तर सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेल-चादरीच्या कारखान्याचं कॉम्प्युटरचं सगळं मी बघतो. सगळं म्हणजे प्रिंटरचं टोनर बदलण्यापासून सर्व्हरपर्यंत. रेट लिस्ट आणि मालाची यादी साध्या टेक्स्ट फाईलमध्ये आहे, बिलाचा जुना प्रोग्राम तीच फाईल वाचतो, तीन हजारावर ओळी, अर्धं इंग्रजी अर्धं मराठी. फाईल उबुंटूच्या सर्व्हरवर, आणि मी आणि हिशेबाचे अण्णा दोघंही एसएसएचनं, म्हणजे आपापल्या मशिनवरून सर्व्हरला जोडून, आत जाऊन विममध्ये उघडतो. हो, अण्णा विम वापरतात. वय बासष्ट, घरात तेलुगू, बाजारात कन्नड, ऑफिसात मराठी, त्यामुळं विमच्या कमांडी म्हणजे त्यांना आणखी एक भाषा, एवढंच. विम नुसतं उघडलं की पहिल्या स्क्रीनवर युगांडातल्या गरीब मुलांना मदत करा असं येतं ते त्यांनी एकदा मला मोठ्यानं वाचून दाखवलं आणि हे कोण म्हणून विचारलं. ज्यांनी विम बनवलं त्या ब्रॅम मोलेनारांनी पैसे मागितले नाहीत, तिकडच्या मुलांना द्या म्हणाले, २०२३ च्या ऑगस्टमध्ये गेले ते, असं सांगितलं तर अण्णा म्हणाले मग शिकायलाच पाहिजे की. आणि शिकले.

एप्रिलातली दुपार, बाहेर बेचाळीस, कूलरमधलं पाणी संपलेलं, आणि अण्णांनी हाक मारली, "का बे, स्क्रीनवर भंडारा कुणी उधळला?" जाऊन बघतो तर खरंच बाळे गावच्या खंडोबाला उधळल्यागत सगळं पिवळंजर्द. त्यांनी सकाळी नॅपकिन शोधलं होतं, यादीत नॅपकिन दोनशे ठिकाणी, ते सगळे पिवळे. मी नोएचएलसर्च मारलं, गेलं. चहा पिऊन येईपर्यंत परत हाक.

इथं पहिली गोष्ट समजून घ्या, निम्म्या लोकांचा घोळ इथंच आहे. नोएचएलसर्च ही कमांड वेगळी आणि सेट नोएचएलसर्च हे वेगळं. दिसायला सख्खे भाऊ, पण एक खोलीतलं बटण आणि दुसरा मेन स्विच. नुसतं नोएचएलसर्च (किंवा नोह) केलं की आत्ता दिसतंय तेवढं हायलाईट लपतं, पुढचा सर्च केला की परत लागतं. पुढचा सर्च म्हणजे फक्त तिरकी रेघ देऊन नवीन शब्द टाकणं नाही बरं का, नुसतं एन दाबून पुढच्या जागेवर गेलात तरी तो सर्चच. मोठा एन, तारा (*), हॅश (#), सगळं त्यातच. सेट नोएचएलसर्च केलं की ऑप्शनच बंद, मग कितीही शोधा, रंग येणार नाही. अण्णा एन दाबत होते म्हणून रंग येत होता, यात विमची चूक काही नाही, ते तसंच बनवलंय.

मग मेन स्विचच पाडून मोकळं का नाही व्हायचं? मी पहिल्या दिवशी तेच केलं आणि दोन दिवसांत अण्णांनी एका गिऱ्हाईकाचा रेट बदलताना खालच्या ओळीतला तसाच दुसरा सोडून दिला, कारण आधी पिवळा दिसायचा म्हणून लक्षात यायचा. रंग पाहिजे, पण पाहिजे तेव्हाच. म्हणून ऑप्शन चालू ठेवून हायलाईट हातानं लपवायचं, हेच मला पटतं, आणि खाली जे काही आहे ते असंच वापरणाऱ्यांसाठी आहे. चालू-बंद उलटसुलट करायचं असेल तर सेट एचएलएस आणि पुढं उद्गारचिन्ह, आणि आत्ता काय आहे ते बघायला उद्गारचिन्हाच्या जागी प्रश्नचिन्ह.

आणि त्याच प्रश्नचिन्हाच्या आधी व्हर्बोज हा शब्द लावायचा, म्हणजे :व्हर्बोज सेट एचएलएस? असं. मग विम सांगतं की हे ऑप्शन शेवटचं कुठल्या फाईलनं लावलं, नव्या विममध्ये ओळ नंबरासकट. मी हे तिसऱ्या आठवड्यात केलं, तुम्ही पहिल्या मिनिटाला करा. आमच्याकडं उत्तर आलं माझ्याच विमआरसीचं, म्हणजे विम उघडताना वाचतं त्या सेटिंगच्या फाईलीचं. मी म्हटलं बरोबर आहे, मीच लिहिलीय की ती ओळ, त्यात काय. त्यातच होतं सगळं.

झालं असं की मी विमआरसीत सारखा काहीतरी खुडबूड करत असतो आणि ती फाईल परत लोड करायला एक शॉर्टकट करून ठेवलेला, तोच अण्णांनाही दिलेला, म्हटलं मी काही बदललं की तुम्ही हे दाबत जा. आता सेट एचएलसर्च ही ओळ परत एकदा चालली की विमला वाटतं बाबाला हायलाईट पाहिजे, आणि नोहनं लपवलेलं सगळं परत बाहेर. ऑप्शन आधीपासून चालूच होतं तरीसुद्धा. म्हणजे मी सेटिंग दुरुस्त करायचो, अण्णा शॉर्टकट दाबायचे, आणि दुरुस्तीमुळंच रंग यायचा. इलाज एका ओळीचा, विमआरसीत सेट एचएलसर्चच्या लगेच खालच्या ओळीवर नोएचएलसर्च लिहून टाकायचं. ऑप्शन लागतं, रंग लपलेला राहतो.

दोन दिवस शांत. मग तिसऱ्या दिवशी सकाळी अण्णांनी फाईल उघडली, अजून एकही बोट लावलेलं नाही, आणि कालच्या सर्चचा रंग आज हजर. हे विमइन्फोचं काम. विम बंद होताना मार्क (फाईलीत ठेवलेल्या खुणा), कमांडींचा इतिहास, शेवटचा सर्च असं सगळं होममधल्या विमइन्फो नावाच्या लपलेल्या फाईलीत लिहून ठेवतं आणि पुढच्या वेळी तिथून वाचतं. विमइन्फो नावाचंच ऑप्शन आहे, त्यात एच हे अक्षर असलं की वाचताना हायलाईट लावू नको असा अर्थ. डिफॉल्टमध्ये हा एच असतोच, म्हणून बऱ्याच जणांना हा त्रास कधी होतच नाही. आम्हाला झाला कारण मी कुठूनतरी सेट विमइन्फो='५०० अशी ओळ उचलून आणली होती, जास्त फाईलींचे मार्क लक्षात राहावेत म्हणून. बरोबरचं (=) चिन्ह देऊन सेट केलं की जुनं सगळं पुसलं जातं, त्यात एचही गेला. एच नसताना मग एकच गोष्ट बघितली जाते, शेवटच्या सर्चनंतर तुम्ही नोह केलं होतं की नाही. केलं असेल तर रंग नाही, नसेल तर आहे. म्हणूनच आमच्याकडं कधी यायचा कधी नाही, आणि अण्णा म्हणायचे अमावास्येला येतोय बघ. ओळीच्या शेवटी स्वल्पविराम आणि एच वाढवलं, संपलं. एन लिहून विमइन्फोच्या फाईलीचं वेगळं नाव दिलेलं असेल तर एच त्याच्या आधी टाका, एन सगळ्यात शेवटीच लागतो. निओविम (विमवरूनच बनवलेला दुसरा एडिटर) वापरणाऱ्यांना हेच शाडा नावानं सापडेल.

बदल्या करण्याच्या कमांडीचं पण असंच. ओळींच्या शेवटी फालतू स्पेस राहिल्या की बिलाचा प्रोग्राम रुसतो, म्हणून मी आठवड्यातून एकदा अख्ख्या फाईलीवर :%एस/ *$// चालवतो, म्हणजे शेवटच्या स्पेस काढ. काढतो तो, पण बदली करताना वापरलेला पॅटर्न हाच शेवटचा सर्च होऊन बसतो, आणि तारा म्हणजे शून्य किंवा जास्त, त्यामुळं जिथं एकही स्पेस नाही तिथंही ओळीचं टोक जुळतं. तीन हजार ओळी आणि प्रत्येकीच्या शेवटी हळदीचं बोट टेकवल्यागत एकेक पिवळा ठिपका. वर आणि एन दाबलं की नॅपकिनवर जायच्या ऐवजी ओळींच्या टोकांवर उड्या. त्याच्याआधी एकदा त्यातलं डॉलर चिन्ह टाकायचं विसरलो होतो, नुसतं स्पेस आणि तारा, तेव्हा तर अक्षर न् अक्षर पिवळं झालं. कारण तेच, शून्य स्पेस सगळीकडंच असतात.

यावर उपाय म्हणजे बदलीच्या कमांडीआधी कीपपॅटर्न्स लावायचं, :कीपपॅटर्न्स %एस आणि पुढं नेहमीचं. मग बदली होते आणि आधीचा सर्च तसाच राहतो. आणि ताऱ्याच्या जागी \+ वापरा, एक किंवा जास्त, म्हणजे नसलेल्या स्पेस जुळणार नाहीत. शेवटचा सर्चच पुसून टाकायचा असेल तर :लेट @/ = "" असं, पण मग एन दाबून पुढं जाता येत नाही, म्हणून ते मी क्वचितच करतो.

आता नेटवर सगळीकडं मिळणारा एक सल्ला, एस्केपला नोह जोडा. एस्केप आपण दाबतच असतो, रंग आपोआप जाईल. ऐकायला गोड आहे. ग्राफिकल विममध्ये चालतंय. टर्मिनलमध्ये करू नका. टर्मिनलमध्ये बाणाची बटणं दाबली की आत जे जातं त्याची सुरुवातच एस्केपच्या कोडनं असते, वरचा बाण म्हणजे एस्केप, चौकोनी कंस, ए. एस्केप मॅप केला की विमचा गोंधळ उडतो, बाण दाबला की भलतीकडं ए, बी असली अक्षरं उमटायला लागतात, आणि टर्मिनल स्वतःहून जी उत्तरं पाठवतं तीपण एस्केपनंच सुरू होतात, त्यामुळं कधी कधी फाईल उघडतानाच काहीतरी विचित्र टाईप झालेलं दिसतं. आमच्याकडं एका कॉलेजच्या पोरानं, ट्रेनिंगला आला होता, हे अण्णांच्या मशिनवर करून ठेवलं आणि जाताना सांगितलं पण नाही. अण्णा बाणच वापरतात. दुसऱ्या दिवशी रेट लिस्टमध्ये मध्येच ए ए ए बी बी. कीबोर्डमध्ये चहा गेला असेल म्हणून मी कीबोर्ड बदलला, तो बिचारा चांगला होता.

एस्केपच्या जागी कंट्रोल-एल वापरा. ते बटण तसंही स्क्रीन परत काढायचंच आहे, त्यालाच जोडून द्यायचं:

एननोरीमॅप <सी-एल> :नोएचएलसर्च<सीआर><सी-एल>

म्हणजे आधी रंग लपव, मग नेहमीसारखी स्क्रीन ताजी कर. निओविममध्ये ०.६ पासून हे आयतंच आहे, आणि तिथं एचएलसर्चही मुळातच चालू असतं, त्यामुळं विमवरून तिकडं गेलेले लोक पहिल्याच दिवशी विचारतात हा रंग कुठून आला.

त्याच पोरानं आणखी एक केलं होतं, ऑटोकमांड, की इन्सर्ट मोडमध्ये (मजकूर टाईप करायच्या मोडमध्ये) गेलं की नोएचएलसर्च आपोआप चालव. ते चालत नव्हतं आणि चालणारही नव्हतं. ऑटोकमांड सुरू होताना विम हायलाईटची स्थिती बाजूला ठेवतं आणि संपली की जशीच्या तशी परत लावतं, म्हणजे आतल्या आत लपवलेलं बाहेर येताना परत उघडं. स्वतः लिहिलेल्या फंक्शनमध्येही हेच. हेल्पमध्ये नोएचएलसर्चच्या खालीच लिहिलंय, पण तिथपर्यंत वाचतं कोण, मीही नव्हतं वाचलं. आपोआपच पाहिजे असेल तर दोन रस्ते आहेत. नव्या ९.१ मालिकेतल्या विमबरोबर नोएचएलसर्च नावाचंच पॅकेज येतं, विमआरसीत पॅकॲड नोएचएलसर्च लिहायचं, मग थोडं थांबलात किंवा इन्सर्टमध्ये गेलात की रंग जातो. किती थांबायचं ते अपडेटटाईम ठरवतं, मुळात ४००० मिलिसेकंद, म्हणजे चार सेकंद. जुनं विम असेल तर हेल्पमध्ये इन्कसर्चच्या जागी दिलेली युक्ती, सीएमडीलाईनएंटरला /,\? या पॅटर्नवर सेट एचएलसर्च आणि सीएमडीलाईनलीव्हला त्याच पॅटर्नवर सेट नोएचएलसर्च, म्हणजे शब्द टाईप करेपर्यंतच रंग, एंटर मारला की गेला. हे ऑटोकमांडमधून चालतं कारण इथं ऑप्शनच बदलतोय, मेन स्विच, त्याची स्थिती कोणी परत लावत नाही. मला हे आवडलं नाही. अण्णांना एंटरनंतरच रंग पाहिजे असतो.

रंगावरून आठवलं, अण्णांच्या स्क्रीनवर पिवळ्यावर पांढरी अक्षरं दिसायची, म्हणजे दिसायचीच नाहीत, आणि मी महिनाभर त्यांना चष्म्याचा नंबर तपासून घ्या म्हणत होतो. चष्मा ठीक होता. विमकडं हायलाईटचे दोन डिफॉल्ट संच असतात, काळ्या पार्श्वभूमीसाठी एक आणि पांढऱ्यासाठी एक. काळ्याच्या संचात सर्चला पिवळ्यावर काळं अक्षर ठरवून दिलंय, पांढऱ्याच्या संचात फक्त पिवळी पार्श्वभूमी, अक्षराचा रंग जो असेल तो. आता एसएसएचमधून तुमचं टर्मिनल काळं आहे की पांढरं याचा विमला दर वेळी नीट अंदाज येत नाही. त्याला वाटलं पांढरं, अक्षरं मुळातच पांढरी, झाला पिवळ्यावर पांढरा फडशा. सेट बॅकग्राउंड=डार्क, एक ओळ. महिनाभर त्या माणसाला मी म्हातारं ठरवत होतो.

स्वतःचा रंग द्यायचा असेल तर हायलाईट सर्च सीटर्मएफजी=ब्लॅक सीटर्मबीजी=सायन असं काहीतरी लिहायचं, पण विमआरसीत कलरस्कीमच्या (रंगांच्या तयार संचाच्या) ओळीच्या खाली. वर लिहिलं तर कलरस्कीम येऊन सगळं पुसून आपलं लावते आणि तुम्ही म्हणत बसता सेटिंग टिकत नाही. मध्येच स्कीम बदलायची सवय असेल तर तीच ओळ कलरस्कीम इव्हेंटच्या ऑटोकमांडमध्ये टाका.

उलटा त्रास, म्हणजे रंग येतच नाही, तो बहुतेक वेळा दोन कारणांनी. नवीन उबुंटूवर कधी कधी फक्त विम-टायनी असतं, त्यात हायलाईटचा भागच घातलेला नसतो, व्हर्जन विचारलं की एक्स्ट्रा_सर्चच्या आधी वजा दिसतो. एपीटीनं पूर्ण विम घ्या. दुसरं, सुडो लावून उघडलं की विमआरसी तुमची नाही, रूटची, म्हणजे सर्व्हरच्या मुख्य युजरची. सुडोएडिट वापरा, तुमचीच सेटिंग येते.

पण आमचा खरा किस्सा वेगळाच आणि तो मराठीत लिहिणाऱ्या कुणालाही होऊ शकतो. यादीत जिथं माल थोडा डागी किंवा विणीत चूक तिथं दुसऱ्या प्रतीचा असं लिहिलेलं असतं. मी दुसऱ्या हा शब्द शोधला, काही ठिकाणी पिवळा झाला आणि काही ठिकाणी नाही. तोच शब्द, तेच अक्षर, शेजारशेजारच्या ओळी, एक रंगलेली एक कोरी. मी आधी इग्नोरकेस (इंग्रजी लहान-मोठ्या अक्षरांत फरक न करण्याचं ऑप्शन) बघितलं, मराठीत कसलं केस, पण माणूस वैतागला की काहीही बघतो. मग विम बंद करून कॅट कमांडनं फाईल स्क्रीनवर काढली, दोन्ही शब्द अगदी सारखे.

पकड सापडली ती विमच्याच एका खोडीमुळं. न रंगलेल्या शब्दांत मध्येच कोनी कंसात २००डी असं काहीतरी दिसत होतं, जे मी इतके दिवस टर्मिनलचा फॉन्ट खराब म्हणून सोडून देत होतो. तो फॉन्ट नव्हता. ऱ्या हे अक्षर कॉम्प्युटरमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतं. एक, खाली टिंब असलेला ऱ, ज्याचा युनिकोड नंबर ०९३१, त्याला हलंत आणि पुढं या. दुसरी तऱ्हा, साधा र, नंबर ०९३०, त्याला हलंत, मग झिरो विड्थ जॉइनर नावाचं न दिसणारं अक्षर, तेच ते २००डी, आणि मग या. बाकी सगळीकडं दोन्ही सारखेच दिसतात, तोच अर्धचंद्रासारखा र. विमला मात्र ते दोन वेगळे शब्द, आणि हायलाईट काय, सर्चला जे जुळलं तेच रंगवणार. आमच्याकडं अण्णा एका कीबोर्डनं लिहायचे आणि दुकानावरचा माणूस मोबाईलवर लिहून पाठवायचा ते मी चिकटवायचो, दोघांचा ऱ्या वेगळा. म्हणजे शिल्लक माल मोजताना दुसऱ्या प्रतीचा अर्धा माल आम्ही वर्षभर मोजतच नव्हतो असं म्हणायचं.

तुम्हाला शंका आली तर कर्सर त्या र वर ठेवून जी आणि ए दाबा, खाली नंबर येतो, ०९३१ आहे की ०९३० ते बघा. दुरुस्ती करताना हातानं टाईप करू नका, कारण तुमचा कीबोर्ड कुठला ऱ्या देतो हे तुम्हालाच माहीत नसतं. न रंगलेला शब्द व्हिज्युअलमध्ये निवडून वाय दाबून उचला, बदलीच्या कमांडीत कंट्रोल-आर आणि शून्य दाबून तो तिथं टाका, मग पुढच्या भागात बरोबर शब्द. आणि आधी फाईलीची कॉपी ठेवा, हे सांगायला नको तरी सांगतो. आणखी एक, मराठीत पिवळं किती झालं हे डोळ्यानं मोजू नका, टर्मिनलमध्ये जोडाक्षरं फुटतात, मात्रा एका रंगात आणि अक्षर दुसऱ्यात असंही होतं. बदलीच्या कमांडीला शेवटी जीएन लावलं की बदल न करता फक्त आकडा मिळतो. किंवा सेट शॉर्टमेस-=एस करून ठेवा, एस मोठा, म्हणजे शोधताना खाली किती पैकी कितवा ते दिसत राहतं.

एवढं सगळं झाल्यावर माझ्या मशिनवर रंगाचा त्रास पूर्ण बंद. अण्णांच्या मशिनवर नाही. नोह आहे, एच आहे, कीपपॅटर्न्स आहे, कंट्रोल-एल आहे, आणि तरी दिवसातून दोन-तीनदा हाक, "आला बे परत." आणि आता नुसता रंग नाही, म्हणे फाईल आपोआप पळते. मी शेवटी खुर्ची घेऊन शेजारीच बसलो, काही बोलायचं नाही, नुसतं बघायचं. अर्धा तास काही नाही. मग फोन आला, गिऱ्हाईकानं चोवीस डझनांचा भाव विचारला, डझनाला १८५, आणि अण्णांनी फोन खांद्याला धरून उजव्या हातानं नंबरपॅडवर मारलं, २४*१८५, एंटर. पस्तीस वर्षांची कॅल्क्युलेटरची सवय, बोटं आपोआप जातात. समोर कॅल्क्युलेटर नाही, नॉर्मल मोडमधलं विम, जिथं प्रत्येक बटण म्हणजे कमांड. विमनं ऐकलं ते असं की कर्सरखालचा शब्द धर, तो पुढं चोविसाव्यांदा जिथं आहे तिथं जा, मग तिथून १८५ ओळी खाली ये. आणि तो शब्द फाईलभर पिवळा. विमनं अक्षरशः सांगितलेलंच केलं होतं.

नंबरपॅडचा तारा बंद करून बघितला, आमच्या टर्मिनलमध्ये तो आणि वरचा तारा विमला एकच वाटतात, आणि वरचा मला लागतो. मग उलटं केलं. इन्सर्ट मोडमध्ये कंट्रोल-आर दाबायचं, मग बरोबरचं चिन्ह, मग २४*१८५ आणि एंटर, विम स्वतःच गुणाकार करून कर्सर आहे तिथं ४४४० लिहून टाकतं. अण्णांना दाखवलं. त्यांनी एकदा केलं, शेजारी कॅल्क्युलेटरवर ताडून बघितलं, मग दुसरा आकडा घेऊन परत ताडून बघितलं.

"हे आधी सांगायचं की बे," म्हणाले, आणि कॅल्क्युलेटर ड्रॉवरमध्ये टाकला.